वाफेचं औषध आणि नागनाथाचा गाभारा

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त सही करायला. कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, कुठं काना राहिला, तर वाचणाऱ्यानं रागावू नये. तसं कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही. चार माणसांत मला बोलताच येत नाही. देवळात पोथी संपली की बायका एकेक करून आपले अनुभव सांगतात, तेव्हा मी खांबाआड सरकून बसते. पण एक गोष्ट फार दिवस मनात आहे आणि ती कुठंतरी ठेवली पाहिजे असं वाटतं. म्हणून दुपारी घर रिकामं झालं की थोडं थोडं लिहिते.

आमचं गाव डोंगरकड्याजवळ. आमचे मालक हळद शिजवायचं मशीन चालवतात. हळद निघाली की ट्रॅक्टरला मशीन जोडून ते या शेतातून त्या शेतात जातात, आणि त्या दिवसांत घरी आले की त्यांच्या अंगाला, डब्याला, पैशालासुद्धा हळदीचा वास असतो. आम्हाला एकच मुलगी, सीमा. तिचं लग्न झालं आणि मला वाटलं, आता आपली जबाबदारी सरली. तेवढ्यात माझ्या मांडीत गाठ निघाली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ती काढली. सलाईनमधून औषधं दिली. केस गेले आणि पुन्हा आले, तेही कुरळे, जे माझे कधीच नव्हते. मालक म्हणायचे, "चला, फुकटात नवी बायको भेटली." मीही हसायची. वाटलं, सुटलो.

पण मग खोकला सुरू झाला. तपासणीत दोन्ही फुप्फुसांत ज्वारीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसले. मांडीतला आजार रक्तातून छातीत पोचला होता. सलाईनमधली औषधं आता माझ्या किडनीला सोसणार नव्हती आणि ठिपके इतके विखुरलेले की कापून काढता येत नव्हते. त्याच दिवसांत सीमा बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. घरात गोड वास, शेक-शेगडी, पाहुणे, आणि मी मात्र पडवीत एका कोपऱ्यात. माझ्या श्वासातून त्या कोवळ्या जिवाला काही लागेल या भीतीनं मी लेकराला हात लावत नव्हते. मालकांनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हा आजार असा लागत नाही, नातीला खुशाल घ्या." मला ते पटलं, पण हात काही पुढं होईना.

देवावर माझा राग नव्हता, रुसवा होता. औंढ्याच्या नागनाथाचे सोमवार मी लग्नाआधीपासून धरते. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी देवाजवळ कधी गेलेच नव्हते. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, एकामागं एक उतरावं लागतं. आत माणसं दाटलेली, ओली फरशी, कोंदट हवा. लहानपणी आईबरोबर उतरताना मी मध्येच घाबरून रडले होते, आणि तेव्हापासून वरूनच हात जोडत आले. आता पडवीत बसून मनात यायचं, आपणच त्याच्यापर्यंत गेलो नाही, तर तो कशाला येईल आपल्यापर्यंत? मग पुढचा विचार यायचा, तो मुळात आहे तरी का? हे मी कुणाला बोलले नाही. दिवा रोज लावत होते, पण हात जोडताना मनात काही येत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक नवी गोष्ट सांगितली. कॅन्सरचं औषध शिरेतून न देता त्याची बारीक वाफ करून थेट फुप्फुसांत द्यायची. अजून याची चाचणी चालू आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही. पण औषध जिथं लागतं तिथं जास्त जातं आणि बाकी अंगाला त्रास कमी होतो, असं आम्हाला दिसतंय. तुमची इच्छा असेल तरच." मला काही कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. बाहेर बाकावर आल्यावर मालकांनीच समजावलं.

"हे बघ सीमाची माय, पूर्वी आपण कढईत पाणी टाकून हळद उकळायचो का न्हाई? सगळी कढई तापवायची, पाणी तापवायचं, लाकडं जाळायची. अन् आता? ड्रममधी नळी सोडली, वाफ सरळ हळदीला. कमी जळतण, अन् आतपर्यंत बराबर शिजते. तसंच हाय हे."

"म्हंजे मी आता हळद झाले का?"

"झालीस. फक्त पिवळी पडू नको."

बाकावर शेजारी बसलेली बाईसुद्धा हसली. मी बऱ्याच दिवसांनी मोकळी हसले आणि त्या हसण्यातच हो म्हणून टाकलं.

औषध फुकट होतं, पण पुन्हा पुन्हा शहरात जायचं, खोली घेऊन राहायचं, तपासण्या करायच्या, त्याला पैसे लागणार होते. पहिल्या आजारपणात जवळचं सगळं संपलं होतं. आमच्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष रेहाना आपा. चौकात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मी त्यांच्याकडे मागायला गेलेच नाही; मागणं मला जमत नाही. त्या स्वतःच घरी आल्या, चहा पिऊन झाल्यावर गटाचे पैसे माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "ठराव झालाय. आता नको म्हणू नको, सगळ्या बायांचा अंगठा-सही झालीय."

मी म्हणाले, "आपा, मी जगले-वाचले न्हाई तर? ह्यांच्यावर बोजा."

"त्याचीच अट हाय. हे पैसे तुझ्या मालकाच्या हातानं मी घेणार न्हाई. सीमाच्या हातानं घेणार न्हाई. तुझ्याच हातानं पाहिजेत. फिटेपर्यंत तुला मरायची परवानगी न्हाई, समजलं?" असं म्हणून त्या उठल्या आणि दारातून परत वळून म्हणाल्या, "अन् नातीला घे गं जवळ. काहून दूर बसून राहिलीस परक्यासारखी?"

दवाखान्यात आधी सराव असतो. काचेची एक लहान खोली, छतात हवा ओढून घेणारा पंखा. औषधाची वाफ बाहेर पसरली तर सिस्टरांना अपाय होतो, म्हणून पेशंटनं एकट्यानं आत बसायचं. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची, सावकाश आणि खोल श्वास आत ओढायचा, जरा धरून ठेवायचा, मग सोडायचा. सरावाला नुसत्या मिठाच्या पाण्याची वाफ. समोरच्या पडद्यावर एक रेघ दिसते. श्वास बरोबर आत गेला की ती वर चढते.

माझी रेघ खालीच जायची.

दार लागलं की मला त्या गाभाऱ्याच्या पायऱ्या आठवायच्या आणि जीव घाबरा व्हायचा. त्यात तोंडात नळी आली की मी फुंकायची. सिस्टर काचेपलीकडून हातानं खुणा करायची, "मावशी, ओढा, ओढा!" आणि मी जोरानं फुंकायची. मला तरी कळत होतं का? सात-आठ वर्षांची असल्यापासून चुलीपुढं बसून तोंडाला फुंकणी लावलेली. नळी तोंडात आली की ती फुंकायची, एवढंच माझ्या अंगाला माहीत. एकदा तर असं जोरात फुंकलं की नळीखालच्या डबीतलं सगळं मिठाचं पाणी उडालं. सिस्टर पोट धरून हसली, मग मला वाईट वाटलंय असं बघून तिनं स्वतःचे कान पकडले. फार चांगली पोर होती ती. दिवसभर तिनं मला शिकवलं, पण माझं काही होईना.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "घाई नाही. ही सरावाची नळी घरी घेऊन जा आणि पुढच्या आठवड्यात या. पण तेव्हा जमलं नाही तर मला औषध सुरू करता येणार नाही. श्वास वरच्यावर राहिला तर औषध घशातच बसतं, ठिपक्यांपर्यंत पोचत नाही. मग उगाच त्रास तुम्हाला." ते रागावून नाही बोलले, पण मला कळलं की हेच शेवटचं दार आहे आणि माझ्याच घाबरटपणानं ते लागणार आहे.

घरी सराव करताना तेच. मालक समोर बसून शिकवायचे. "ओढ. आता ओढ. अगं, चूल पेटलीय आपली, गॅस आलाय, कशाला फुंकती!" सीमा हसायची, मीही हसायची, पण आत नुसती धडधड. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी मालक म्हणाले, "चल, औंढ्याला जाऊन येऊ." मी म्हणाले, वरूनच दर्शन घेईन. ते म्हणाले, "तुझी मर्जी."

त्या दिवशी गर्दी बेताची होती. मालक पुढच्या रांगेत गेले. मी नेहमीसारखी बाजूला उभी राहणार होते, पण बायकांच्या रांगेत कशी ओढली गेले ते कळलं नाही. मागं माणसं, पुढं माणसं, परत फिरायला जागा नाही. पायऱ्या आल्या. मी दोन-तीन उतरले आणि पुढची रांग थांबली. वर दगडी छत डोक्याला लागेल असं, खाली अंधार, पाण्याचा आवाज. माझ्या छातीत गच्च झालं. खोकला आला. आणि मी तोंडानं फू फू करायला लागले, जसं काचेच्या खोलीत करायची तसंच.

मागून एका म्हातारीचा आवाज आला. तिकडची, वऱ्हाडाकडची बोली.

"काय व माय, देवाच्या घरात चूल पेटवून राह्यली का तू?"

पुढच्या एक-दोघी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वळवायला जागा नव्हती. मी कशीबशी म्हणाले, "जीव घाबरतोय, आजी. श्वास न्हाई पुरत."

"कसा पुरन? सगळा बाहीर टाकून राह्यली. घेत तं न्हाईच." तिनं माझ्या पाठीवर तळहात ठेवला, खांद्यांच्या मध्ये, नेमका जिथं दुखत होतं तिथं. हात खरखरीत आणि ऊबदार होता. "लेकरं हायत का तुले?"

"नात हाय. तान्ही."

"मंग तिची टाळू हुंगते का न्हाई? तेल लावल्यावर? तशी हुंग. हे तुह्या हातातलं बेलाचं पान हुंग. हळूहळू. पोरगी झोपलेली हाय अन् तिले उठू द्याचं न्हाई, असं."

मी नातीची टाळू कधी हुंगली नव्हती. पण सीमाची हुंगली होती. तान्ह्या सीमाला मांडीवर घेऊन, न्हाऊ घातल्यावर, तिच्या डोक्याला नाक लावून किती वेळ बसायची मी! कुणी बघत नाही ना हे बघून. त्या वासाला नाव नाही. तो आत घ्यायला जोर लागत नाही, आपोआप छाती भरत जाते, आणि भरल्यावर सोडवत नाही. त्या पायरीवर, त्या अंधारात, मी डोळे मिटून ते आठवलं. बेलाचा, ओल्या दगडाचा, उदबत्तीचा वास आत आला. पोटापर्यंत गेला. धडधड थांबली. पाठीवरचा हात माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

रांग सरकली. मी खाली उतरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पिंडीवर माझ्या हातानं पाणी घातलं. काय मागायचं ते ठरवलं होतं, पण काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. नुसता श्वास घेतला.

वर आल्यावर मी त्या आजीसाठी थांबले. तिचे पाय धरायचे होते. माझ्यामागून एक तरुण बाई आली, मग शाळेतल्या दोन मुली, मग पुरुषांची रांग. मालकांनी आवारात, दुकानांकडे फिरून बघितलं. म्हाताऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, फक्त आवाज आणि हात. मालक म्हणाले, "गर्दीत पुढं निघून गेली असंल." असेलही. मी त्यावर जास्त विचार करत नाही. वऱ्हाडातून एसटीनं आलेली कुणी आजी असेल, तर तिला उदंड आयुष्य लाभो. आणि दुसरं काही असेल, तर ते मला सांगता येणार नाही.

घरी आले, हातपाय धुतले आणि सरळ सीमापुढं जाऊन हात पुढं केले. तिनं लेकरू दिलं. नुकतंच तेल लावलं होतं. मी नातीची टाळू हुंगली, एकदा, मग पुन्हा, मग किती वेळा ते देवाला माहीत. मालक दारातून बघत होते. ते गुपचूप ती सरावाची नळी घेऊन आले आणि माझ्यापुढं धरली. मी डोळे मिटले, नळी तोंडात घेतली, आणि श्वास आत गेला.

"गेला!" मालक एवढ्या मोठ्यानं ओरडले की लेकरू दचकून रडायला लागलं आणि सीमानं आम्हा दोघांनाही खोलीबाहेर काढलं.

पुढच्या आठवड्यात काचेच्या खोलीत बसले तेव्हा नाकाला चिमटा होता, वास येणं शक्यच नव्हतं. पण छातीला वास आठवत होता. पडद्यावरची रेघ वर चढली, थांबली, आणि सावकाश खाली आली. पलीकडे सिस्टर जागेवरच नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी खरं औषध सुरू झालं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची, नंतर खोकला यायचा, श्वासात औषध असतं म्हणून एक-दोन दिवस लेकरापासून दूर राहावं लागायचं. तेवढीच तकलीफ. मालक काचेबाहेर उभे राहून हळदीचं मशीन कसं वाफ सोडतं त्याची नक्कल करायचे, गाल फुगवून. सिस्टर त्यांना दटावायची, "काका, मावशीला हसवू नका, श्वास तुटतो!" मग ते पाठ करून उभे राहायचे आणि त्यांचे खांदे हलायचे. मी डोळे मिटून घ्यायची आणि प्रत्येक श्वासाबरोबर मनात नागनाथाचं नाव घ्यायची. ती खोली मला मग कोंदट वाटेना. वाटायचं, मी पायऱ्या उतरून खाली आलेय आणि रांग थांबलीय, एवढंच.

काही फेऱ्यांनंतर तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. बरेच ठिपके होते तिथंच थांबले होते, काही पुसट झाले होते, आणि नवा एकही नव्हता. "सगळं गेलं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण हे फार चांगलं आहे." माझा खोकला राहिला नाही. आज मी दोन मजले चढते, आखाडा बाळापूरचा बाजार करून पिशवी स्वतः आणते. नात चालायला लागली आहे आणि तिच्यामागं पळताना दम लागतो, पण तो सगळ्याच आजींना लागतो. तपासणीला जावं लागतं. दर वेळी भीती वाटते. मग मी श्वास घेते.

मी एवढंच शिकले. जन्मभर मी द्यायचंच शिकले होते. चुलीला फुंकर, घराला राबणं, देवाला पाणी-फुलं. घ्यायची मला लाज वाटायची. कुणाची मदत घ्यायची लाज, प्रश्न विचारायची लाज, देवाच्या जवळ जायचीसुद्धा लाज. देवाला शरण जायचं म्हणजे काहीतरी मोठं सोडायचं, असं मला वाटत होतं. आता वाटतं, शरण जायचं म्हणजे तो देतो ते घाबरून बाहेर न टाकता आत येऊ द्यायचं. एवढं सोपं, आणि मला ते शिकायला इतकी वर्षं लागली.

पैशाचं सांगायचं राहिलं. मी बरी झाल्यावर हळदीची पूड करून पाकिटं विकायला लागले आणि त्यातून दर महिन्याला गटाचे पैसे फेडत गेले. शेवटचा हप्ता उरला, आणि माझं पाऊल अडलं. पैसे डब्यात तयार होते, पण देववेनात. रेहाना आपांचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं, फिटेपर्यंत मरायची परवानगी नाही. म्हणजे फिटल्यावर आहे? मालकांना सांगितलं तर ते गंभीर तोंड करून म्हणाले, "मग ठेव थोडे मागं. शंभर वर्षं पुरव." चेष्टा होती, पण मी खरंच ठेवले. एक बैठक गेली, दुसरीही गेली.

तिसऱ्या बैठकीआधी आपा घरी आल्या. "सगळे हप्ते वेळेवर, अन् शेवटचाच काहून अडलाय गं? तंगी हाय का?"

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. त्या आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना ओढणी लावली. "खुळी कुठली. माझ्या बोलण्यावर जगून राहिलीस होय तू? श्वास काय गटानं दिलाय तुला? ज्यानं दिलाय त्याच्यावर सोड."

त्या गेल्यावर मी देवापुढं बसले. दिवा लावला. नात मांडीवर येऊन बसली. मला वाटलं, खरंच, देवळातल्या त्या आजीचा हात पाठीवर होता तेव्हा मी घाबरले नाही, मग आता काय म्हणून घाबरते? रांग थांबेल तेव्हा थांबेल, सरकेल तेव्हा सरकेल.

संध्याकाळच्या बैठकीला मी डबा घेऊन गेले, आणि नेहमीसारखं मागं न बसता पुढं जाऊन रेहाना आपांच्या हातात, माझ्याच हातानं, शेवटचे पैसे ठेवले. त्यांनी मोजले आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बराबर. फिटले सगळे."